पाच बोटे, दोन काड्या

बीड, माजलगाव, अंबाजोगाई किंवा परळी यांपैकी कोणत्याही गावी दिवेलागणीनंतर बसस्थानकाबाहेर पडले की लाल अक्षरांत ‘चायनीज’ असे लिहिलेली एक तरी हातगाडी दिसतेच. तिच्यावर शिजणाऱ्या पदार्थांचा चीनशी संबंध नावापुरता असतो. कोबी, ढोबळी मिरची, लसूण, सोया सॉस आणि भडक रंग यांचा तो एक अस्सल भारतीय मेळ आहे. मंचुरियन मांचुरियात कोणी खात नाही. तो १९७५ च्या सुमारास मुंबईत जन्माला आला असे सांगतात. पदार्थ आला, खोलगट कढई आली, मोठ्या आचेवर परतण्याची रीत आली आणि ‘हक्का’ हा शब्दही आला. आल्या नाहीत त्या फक्त काड्या. गाडीवरचे गिऱ्हाईक नूडल्स काट्याने गुंडाळते, चमच्याने तोडते आणि अगदीच जमले नाही तर बोटांनी उचलते. ज्या साधनासाठी तो पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या घडत गेला, ते साधन मात्र सीमेवरच अडून राहिले.

या निरीक्षणात गमतीचा भाग आहेच. पण तेवढाच नाही. माणूस कशाने जेवतो हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा दिसतो. अधिक खोल जाऊन पाहिले तर तो धान्याचा, सरपणाचा, पाण्याचा आणि श्रमाचा, म्हणजे शेवटी अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. जेवणाच्या साधनांवरून कोण सुसंस्कृत आणि कोण गावंढळ हे ठरवण्याची घाई आपल्या शिकलेल्या वर्गाला फार असते. त्यामुळे ही बाजू सहसा कोणी पाहत नाही.

प्रथम काड्यांचेच पाहू. चीनमध्ये आन्यांगजवळ यिन राजधानीच्या अवशेषांत ब्राँझच्या काड्या सापडल्या, त्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यावरून चिनी माणूस तेव्हापासून सगळे जेवण काड्यांनीच जेवत होता असा समज होतो. तो खरा नाही. प्राचीन उत्तर चीनचे मुख्य अन्न तांदूळ नव्हते. ते होते राळा आणि त्याच्या जातकुळीतील बारीक भरड धान्ये. मराठवाड्यात गेल्या पिढीपर्यंत जो राळा पिकत असे, तोच हा राळा. त्याचा शिजलेला भात किंवा पेज चमच्याने आणि काही ठिकाणी चक्क हाताने खात. काड्या होत्या त्या कालवणातील भाजीच्या आणि मांसाच्या फोडी उचलण्यापुरत्या. ‘लीजी’ या प्राचीन चिनी आचारग्रंथात या भरड धान्याचा भात काड्यांनी खाऊ नये असा स्पष्ट नियम आहे. पुढे जाती आले, गहू दळला जाऊ लागला, त्याच्या शेवया झाल्या आणि दक्षिणेतला चिकट तांदूळ सर्वत्र पसरला. तेव्हा कुठे काड्यांनी चमच्याला मागे सारले. शेवया उचलायला काड्यांसारखे दुसरे साधन नाही. चिकट भाताचा गोळाही त्यांच्यात नीट धरला जातो. मोकळा राळा त्यांच्यातून निसटतो. थोडक्यात, साधन धान्याच्या मागून आले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच मृत्यू पावले. त्यांचा बराच काळ ज्या उत्तरेकडील डोंगराळ भागात गेला, तेथे विसाव्या शतकातही गरिबाचे मुख्य धान्य राळाच होते. ज्वारीच्या मुलखातून निघालेला तो डॉक्टर एका भरड धान्याच्या मुलखातून दुसऱ्या भरड धान्याच्या मुलखातच गेला होता.

काड्या धरण्याचे कौशल्य पाहणाऱ्याला जादूसारखे वाटते. त्याचे तत्त्व साधे आहे. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकलेली असते. ती हलत नाही. वरची काडी अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांनी लेखणीसारखी धरलेली असते. हलते ती एवढीच. मूल तीन-चार वर्षांचे झाले की ते हे शिकू लागते, आणि चुकीचे वळण एकदा बसले की जन्मभर सुटत नाही. देशागणिक भेदही आहेत. चिनी काडी लांब आणि बोथट असते, कारण ताटे मेजाच्या मध्यभागी सर्वांत मिळून असतात. जपानी काडी आखूड आणि टोकदार असते. घरातल्या प्रत्येकाची आपली वेगळी. कोरियात काड्या धातूच्या, आणि भातासाठी सोबत चमचा असतोच. जपानमध्ये वाटी उचलून तोंडाजवळ नेणे रीतीला धरून आहे. कोरियात तेच असभ्य मानतात. भातात काड्या उभ्या खोचणे हा तर सगळीकडेच मोठा प्रमाद, कारण मृतांना अर्पण करायच्या भातात त्या तशा खोचलेल्या असतात. जपानी माणूस एका काडीवरचा घास दुसऱ्याच्या काडीवर देत नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा एका हातातून दुसऱ्या हातात देतात. पिंडाचा भात आणि रोजचा भात यांची गल्लत होऊ न देणाऱ्या आपल्या घरांना हे समजायला जड जाऊ नये.

आणखी एक साम्य आहे, आणि ते सहसा नजरेतून सुटते. काड्यांच्या जेवणात सुरी नाही. कापण्याचे सगळे काम स्वयंपाकघरात उरकते. जेवणाऱ्यापुढे येतो तो थेट घासाएवढा तुकडा. बारीक चिरलेले अन्न लवकर शिजते, सरपण कमी लागते. आपल्याकडेही विळी माजघराच्या पलीकडे येत नाही. ताटात सुरी ठेवण्याची कल्पनाही मराठी माणसाला अशुभ वाटावी. म्हणजे हाताने जेवणारा मराठवाडा आणि काड्यांनी जेवणारा चीन हे या बाबतीत एका बाजूला, आणि सुरी-काट्याचा युरोप दुसऱ्या बाजूला आहे. तो युरोपही काही फार पूर्वीपासून काट्याने जेवत नव्हता. टॉमस कोर्याट नावाच्या इंग्रज प्रवाशाने इटलीत पाहिलेला काटा १६११ च्या आपल्या प्रवासवर्णनात नवलाई म्हणून नोंदवला आणि स्वतः तो वापरू लागल्यावर मित्रांची थट्टा ओढवून घेतली. आपल्याकडे जेव्हा तुकोबा गात होते, तेव्हा इंग्लंडमधील बहुतेक माणसे बोटांनीच जेवत होती. साहेबाच्या काट्यापुढे ज्यांची मान आजही आपोआप झुकते, त्यांनी हा कालक्रम एकदा ध्यानात घ्यावा.

आता बीड जिल्ह्याकडे वळू. या जिल्ह्याचे खरे जेवणाचे साधन कोणते, असे विचारले तर सहज उत्तर येते: हात. ते अर्धेच बरोबर आहे. साधन आहे ती भाकरी. हात ते साधन चालवतो. बालाघाटाच्या डोंगरावर, आष्टी-पाटोद्याच्या माळावर किंवा गोदाकाठच्या काळ्या रानात दुपारी बांधावर बसलेला माणूस डाव्या तळहातावर भाकरी घेतो. तिच्यावरच ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी, बाजूला बुक्कीने फोडलेला कांदा. भाकरी हीच थाळी. उजव्या हाताने तिचा काठ मोडायचा, पापुद्रा सोडवायचा, त्याचा अंगठ्याने द्रोण करायचा आणि त्यात कोरड्यास धरून तो तोंडात घालायचा. भाकरी हाच चमचा, आणि तो चमचा प्रत्येक घासाला नवा असतो व घासाबरोबरच संपतो. पाणी लागत नाही, भांडे लागत नाही, मागे खरकटे उरत नाही. एकदा वापरून फेकण्याच्या लाकडी काड्यांपायी जंगले जातात म्हणून चीन सरकारला २००६ साली त्यांच्यावर पाच टक्के कर बसवावा लागला. बीडच्या शेतकऱ्याचा चमचा मात्र तो स्वतःच खाऊन टाकतो.

घरात बसून जेवायची रीत निराळी. तेथे येसराची आमटी असली की भाकरी चुरायची. चुरण्यालाही वळण लागते. तुकडे फार मोठे राहिले तर आतून कोरडे राहतात, फार बारीक झाले तर लगदा होतो. आमटी एकदम ओतायची नाही. आधी थोडी, भाकरीने ती पिऊ द्यायची, मग पुन्हा. मध्ये आळे करून तेथे तेल किंवा तूप. नंतर चारी बोटांनी कालवून, अंगठ्याने घास पुढे ढकलून भुरका मारायचा. काही घरांत बोटांची दोन पेरे भरली तरी मूल दटावले जाते. काही घरांत मनगटापर्यंत ओघळ आला तरी कोणाला त्याचे काही वाटत नाही. यातले पहिले घर शिष्ट आणि दुसरे अशिष्ट असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या घरात भात आणि वरण घट्ट असे, दुसऱ्या घरात आमटी पातळ असे. डाळ परवडणे न परवडणे यावर शिष्टाचार किती अवलंबून असतो, याची नोंद आपल्या संस्कृतीच्या इतिहासकारांनी फारशी घेतलेली नाही.

हा सगळा खेळ ज्वारीच्या एका गुणावर, खरे तर एका उणिवेवर उभा आहे. गव्हाच्या कणकेत ताण धरणारे जे द्रव्य असते, ते ज्वारीत नसते. म्हणून ज्वारीचे पीठ लाटता येत नाही. ते थापावे लागते. पीठ जुने झाले की त्यातली विरी जाते आणि मग आधणाच्या पाण्यात ते भिजवावे लागते. काथवटीत तळव्याच्या मुळाने मळणे, गोळा फिरवत थापणे, कडा न चिरता ती तव्यावर टाकणे, वरून पाण्याचा हात फिरवणे, उलटणे, शेवटी निखाऱ्याजवळ उभी करून फुगवणे. यातील एकही गोष्ट लिहून शिकवता येत नाही. काड्या धरणे मूल एकदा शिकते आणि ते स्वतःसाठी. भाकरी थापणे मुलगी शिकते ते घरातल्या सगळ्यांसाठी, आणि स्वतः जेवते सर्वांच्या मागून, दुरडीतली शेवटची गार भाकरी घेऊन. हाताने जेवण्याच्या संस्कृतीचा गौरव करताना तो गौरव कोणाच्या तळव्यांच्या जिवावर चालला आहे, हे विसरून चालणार नाही.

विसरू नये अशी दुसरीही एक गोष्ट आहे. हात सर्वांचे सारखे मानले गेले नाहीत. ज्या गावात पंगती जातीजातींच्या वेगळ्या बसत, जेथे बलुत्याची शिळी भाकरी वरून टाकली जाई आणि ती झेलणाऱ्या हाताचा विटाळ मानला जाई, तेथे ‘हाताने जेवणे ही आपली परंपरा’ असे सरसकट म्हणणे सोपे नाही. दस्तरखानावर एका ताटातून चौघांनी जेवण्याची रीतही निजामाच्या या जुन्या मुलखात गावोगाव होती. शेजारच्या आळीतून ती पाहणाऱ्यांनी तिचे काय घेतले, हा शोध एखाद्या विद्यार्थ्याने घेण्याजोगा आहे. खानावळ, बसस्थानकाचे उपाहारगृह आणि आता ही चायनीजची गाडी यांनी एकाच बाकावर, एकाच भांड्यातले खायला लावून जे घडवले, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. चमच्याने काही बाबतीत माणसांतले अंतर कमीच केले आहे.

पाण्याचा मुद्दा त्याहून रोखठोक आहे. हाताने जेवण्याची स्वच्छता जेवणाआधीच्या आणि नंतरच्या पाण्यावर अवलंबून आहे. काड्यांना आणि चमच्याला ती अट तेवढी जाचक नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या आणि २०१९ च्या उन्हाळ्यात बीडची कितीतरी गावे टँकरवर होती. तांब्याभर पाणी प्यायला ठेवायचे की हात धुवायला, असा प्रश्न ज्या घरात पडतो, तेथे बोटांचे कौशल्य आरोग्याच्या आड येऊ शकते. उसाच्या फडात तर हा प्रश्न रोजचा आहे. दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत तो चालतो. बाई पहाटेच्या अंधारात कोपीबाहेर चूल पेटवून दिवसभराच्या भाकरी थापते, मग फडात उतरते. दुपारी फडक्यात बांधलेली भाकरी पाचटावर बसून खायची, तीही उसाच्या पात्याने चिरलेल्या हातांनी. पाणी जवळ असेल तर हात धुवायचे, नाहीतर लुगड्याला पुसायचे. भाकरीची थाळी आणि भाकरीचाच चमचा ही रीत येथे संस्कृती म्हणून उरत नाही. दुसरे काही शक्य नाही म्हणून ती आहे.

याच स्थलांतराने ज्वारीवर एक आघात केला आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. काढणी म्हणजे ताटे मुळासकट उपटणे. ते यंत्राला अजून नीट साधलेले नाही, आणि हाताला फोड आणणारे काम आहे. ज्या महिन्यांत त्यासाठी माणसे हवीत, नेमक्या त्याच महिन्यांत माणसे ऊस तोडायला परमुलखात असतात. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. हुरड्यापासून पाखरांची राखण करायला घरात मूलही नसते, कारण ते शाळेत असते किंवा आईबापाबरोबर फडावर. मग शेतकरी खरिपात सोयाबीन किंवा कापूस घेतो आणि रब्बीत पाणी असेल तर हरभरा. हे दोष शेतकऱ्याला देण्यासारखे नाहीत. त्याने हिशेब बरोबर केला आहे. पण या हिशेबात कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेले आणि ताटातली भाकरी मागे सरली.

शासनाने या घसरणीला हातभारच लावला. भारतीय अन्न महामंडळ १९६५ साली स्थापन झाले. खरेदी, साठवण आणि वाटप यांची जी व्यवस्था त्याने उभी केली ती गहू आणि तांदूळ यांभोवती. त्याच सुमारास, १९६४ मध्ये, ज्वारीचे सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले. खरिपात त्याचे उत्पन्न भरघोस. परतीच्या पावसात मात्र कणसे काळी पडत, आणि भाकरीला मालदांडीची गोडी नाही ती नाहीच. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो या जिल्ह्याने खडी फोडता फोडता खाल्ली. तिच्या भाकरीची आठवण जुनी माणसे अजून तोंड वाकडे करून काढतात. त्या पिढीने ज्वारी म्हणून जे सरकारकडून पाहिले ते एवढेच, संकरित आणि मिलो. मोहोळच्या केंद्रात निवडलेले मालदांडी ३५-१, ज्याची भाकरी खरोखर भाकरी म्हणावी अशी, ते रेशनच्या वजनकाट्यावर क्वचितच चढले.

परिणाम असा झाला आहे की जुना क्रम उलटला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या भागात पोळी हे सणाचे आणि पाहुण्याचे अन्न होते, भाकरी रोजची. पोळी खाणारे घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला, आणि जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट मिळू लागले. बाजारात चांगली ज्वारी गव्हाहून महाग. तेव्हा मजुराच्या घरात आज पोळी आणि भात आहे, आणि भाकरी बीड-अहिल्यानगर रस्त्यावरच्या ढाब्यावर चुलीवरची म्हणून वेगळ्या दराने मिळते. तेथे गाडीतून उतरलेला शहरी पाहुणा ठेचा आणि कांदा मागतो, भाकरी मोडताना तिचा चुरा करतो, द्रोण त्याला जमत नाही, शेवटी चमचा मागवतो. त्याला हसण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी दोन पिढ्या भाकरी झाली नाही, त्याच्या बोटांना ती कुठून येणार? चिनी गाडीवर काड्या आल्या नाहीत याचे जे कारण, तेच येथे आहे. हाताचे वळण रोजच्या ताटातून लागते. ते मुद्दाम मागवता येत नाही.

हेच पुण्याच्या पेठांतून दिसते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी गेलेला केज-धारूरचा मुलगा मेसमध्ये पोळी-भाजी खातो, आणि बहुतेक वेळा चमच्याने, कारण समोर बसलेले सगळे तसे खातात. हा दबाव कोणी बोलून आणत नाही. म्हणून तो अधिक चालतो. मुलाखतीचे वर्ग काटा-सुरी धरायला शिकवतात. त्यात गैर काही नाही, परक्या मेजावर त्या मेजाची रीत पाळावी. पण जो जपानी अधिकारी लंडनमध्ये काट्याने जेवतो, तो घरी परतल्यावर काड्यांबद्दल ओशाळत नाही. आपला तरुण मात्र गावी आल्यावर बहिणीसमोरही चमचा मागतो, आणि तिला तो शोधून पुसून द्यावा लागतो.

शाळांमध्ये काय होते हे अधिक महत्त्वाचे आहे. मध्यान्ह भोजन योजना १९९५ साली सुरू झाली, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले, आणि २०२१ पासून तिचे नाव पीएम पोषण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाच्या ताटात इतकी वर्षे मुख्यतः पडत आली ती तांदळाची खिचडी. या योजनेने मुले शाळेत टिकवली, एका पंगतीत बसवली, जेवणाआधी रांगेने हात धुवायला लावले. हे उपकार लहान नाहीत. तरीही ज्वारीच्या जिल्ह्यातल्या मुलाचे शाळेतले अन्न दूरच्या पंजाबातून किंवा छत्तीसगडातून पोत्यात यावे, आणि घरचेही अन्न त्याच गोदामातून यावे, ही व्यवस्था सोयीची असली तरी तिची किंमत कोणीतरी चुकवत असते. आईबाप फडावर गेल्यावर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहणारी मुले तर सहा महिने याच अन्नावर असतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. भाषणे झाली, प्रदर्शने झाली, पंचतारांकित हॉटेलांत ज्वारीची बिस्किटे झाली. अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद २०१३ पासूनच आहे. तेव्हा नवा कायदा करण्याची गरज नव्हती. अडचण खरेदीची आहे. २०२४-२५ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता आणि मालदांडीचा ३,४२१. दोहोंत अंतर अवघे पन्नास रुपयांचे. रब्बीच्या चांगल्या ज्वारीला खुल्या बाजारात सहसा याहून अधिक मिळते. मग ती सरकारी केंद्रावर कोण नेणार? तेथे जाते ती पावसात काळवंडलेली खरिपाची ज्वारी. ती रेशनवर आली की लोक नाक मुरडतात आणि अधिकारी अहवालात लिहितात की लाभार्थ्यांना ज्वारी नको आहे. मालदांडी हवी असेल तर ती मालदांडीच्या भावाने, आष्टी-पाटोदा-शिरूरच्या बाजारात, काढणीच्या दिवसांत विकत घ्यावी लागेल. त्यात खर्च आहे. पण गव्हाची वाहतूक आणि साठवण यांवर जो खर्च होतो, त्याच्याशी तो ताडून पाहण्याचे कष्ट तरी घ्यावेत.

समजा ज्वारी आली. शंभर मुलांच्या शाळेत तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या दोन बाया दोनशे भाकरी थापणार कशा, हा प्रश्न उरतोच, आणि जे शिक्षक तो विचारतात त्यांना उत्साहभंग करणारे म्हणून झटकून टाकू नये. खिचडी जिंकली ती चवीवर नव्हे. एका पातेल्यात होते म्हणून जिंकली. परंतु या जिल्ह्यातल्या गरिबाच्या घरात भाकरीखेरीज ज्वारीचा आणखी एक पदार्थ होता, आणि तो आता म्हाताऱ्या माणसांनाच आठवतो. ज्वारी जात्यावर जाडसर भरडायची, पाखडायची, मीठ घालून पातेल्यात रटरटू द्यायची. या कण्या. त्यांना थापावे लागत नाही, सरपण बेताचे लागते, आणि निवल्यावर त्यांच्यावर ताक ओतले की उन्हाळ्यात पोट गार राहते. त्या चमच्याने खाता येतात. पण ताक कण्यांत जिरवायचे असेल तर बोटांनीच कालवावे लागते.